दुसरा शब्द चालणार नाही

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते अंधारात. तसलं काही मनात आणू नका... डोळे तपासायची खोली अंधारीच असते. समोरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला, खुर्चीत तो, त्याच्या नाकावर तपासणीची ती जड गोल चौकट, आणि शेजारी भिंगांची पेटी उघडून मी. चष्म्याचं दुकान आमचं. आमचं म्हणजे आत्याचं. काउंटर ती सांभाळते, तपासणी मी करते, आणि बोलायचं काम दोघी मिळून करतो.

आमच्या घराण्यात जिभेला हाड नाही, ते नाहीच, वर तिला सुट्टीही नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की आम्ही ते त्याच्या हातून घेतो आणि मुक्कामाला पोचवून देतो. गिऱ्हाइकाने "मला जरा..." म्हणायचा अवकाश, आत्या "लांबचं दिसत नाही ना? बसा" म्हणून मोकळी. लोकांना याने मदतच होते, असं आम्हाला अगदी मनापासून वाटायचं.

तर तो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून डोळे शिणतात म्हणून आला होता. हे त्याने नाही सांगितलं, मीच सांगितलं आणि त्याने मान हलवली. उंच होता, खुर्चीत जरा अवघडून बसला होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वाचा म्हटल्यावर पहिली ओळ त्याने वाचली. दुसऱ्या ओळीत "एफ" म्हणाला आणि थांबला. पुढचं अक्षर पी होतं, रस्त्यापलीकडून दिसावं एवढं मोठं. मी लगेच विचारलं, दिसत नाही का? तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ घट्ट मिटलेले, नजरेत काहीतरी अडलेलं... आणि मग त्याने नकारार्थी मान हलवली.

एवढ्या तरुण माणसाला दुसरी ओळ दिसू नये? नंबरचा अंदाज देणारं आमचं मशीन नेमकं दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्या सांगण्यावर. मी भिंगं बदलत गेले. हे बरं की ते बरं? तो कशालाही मान डोलवायचा. शेवटी एका भिंगाला "हो, हेच" म्हणाला आणि उठलाच. मी नंबर लिहिला, आत्याने काळी चौकट त्याच्या गळ्यात मारली आणि दोघींनी मागाहून हळहळ व्यक्त केली.

पुढच्या आठवड्यात तो परत हजर. चष्मा लावला की डोकं ठणकतं आणि जमीन वर येते म्हणाला. पुन्हा अंधारी खोली, पुन्हा दुसरी ओळ, पुन्हा तेच अक्षर. या वेळी त्याने एक श्वास घेतला.

"सिथुरिझम या शब्दाच्या सुरुवातीला असतं ते," तो म्हणाला. "लिहितात, म्हणत नाहीत."

झालं, म्हटलं, आला एक दीडशहाणा. तपासणीच्या खोलीत मुलींवर छाप पाडणारे काही कमी येत नाहीत. मी कोरड्या आवाजात विचारलं, काय असतं हे सिथुरिझम?

"झाडांमधून वारा जातो ना... त्याचा आवाज."

मला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं. सळसळीला कुणी इंग्रजीत एवढं जपून नाव ठेवलं असेल, हे मला माहीत नव्हतं. मी खालची ओळ दाखवली. तिथेही मधोमध पी. त्याने टार्मिगन नावाची बर्फातली कुठलीशी रानकोंबडी काढली, तिच्याही नावात ते अक्षर नुसतं बसून असतं म्हणे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला पी दिसतंय. स्वच्छ दिसतंय.

लहान मुलांसाठी आमच्याकडे दुसरा तक्ता असतो. त्यात नुसता ई असतो, कधी उजवीकडे तोंड केलेला, कधी खाली. मुलांनी बोलायचं नाही, हाताने दिशा दाखवायची. मी तो लावला. तो हात फिरवत फिरवत थेट तळाच्या ओळीपर्यंत गेला, जी मला स्वतःला चष्म्याशिवाय दिसत नाही. डोळे निर्दोष होते. अडलं होतं जिभेत आणि चष्मा घातला होता डोळ्यांना. याला आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि फाशी देणारी मी.

मग त्याने सांगितलं, सावकाश. लहानपणापासून अडखळतो. सगळीकडे नाही, पण शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या प या अक्षराशी हाडवैर. शब्द अडणार हे त्याला दोन वाक्यं आधीच कळतं, समोरून ओळखीचा सावकार दिसावा तसं, आणि तो गल्ली बदलतो. मराठीत दुसरा शब्द मिळाला तर तो घेतो, नाही मिळाला तर इंग्रजीतला. शाळेत असताना पळवाटा शोधायला म्हणून शब्दकोश उघडला आणि तिथेच रमला. कोणी वापरत नाही असे, धूळ खात पडलेले शब्द त्याला सगळ्यांत आवडायचे. पाणी मागता येत नाही म्हणून हा माणूस हॉटेलात सोडा पितो, हेही तेव्हाच कळलं.

"लोकांना वाटतं मी विद्वत्ता दाखवतो," तो म्हणाला. "मी नुसता रस्ता बदलत असतो हो."

मी त्या चौकटीत साध्या काचा बसवून दिल्या. नंबर नसलेला चष्मा कोण लावतं? त्याने लावला. आणि मग त्या चष्म्याचं एकेक दुखणं सुरू झालं. आज स्क्रू ढिला, उद्या नाकावरची गादी टोचते, परवा दांडी कानाला लागते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मी रोज संध्याकाळी बघत होते. आत्याने त्याचं नाव ढिला स्क्रू ठेवलं. तो रस्त्याच्या वळणावर दिसला की ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, "तुझा ढिला स्क्रू आला गं." मी काही ऐकलं नाही असं दाखवायचे आणि कपाळावरची बट मागे सारायचे.

चित्रपटांच्या खाली ज्या ओळी येतात, त्या लिहायचं त्याचं काम होतं. दुसऱ्यांची बडबड दोन ओळींत बसवायची. माझी बडबड तो तशीच ऐकायचा, मन लावून, आणि मध्येच एखादा शब्द काढून द्यायचा. समोरच्याच्या ताटाकडे आशाळभूतपणे टक लावून बघणं, म्हणजे ग्रोक. हे आम्ही बिस्किटं खाताना काउंटरवर बसून आत्या करायची. कामाचा नुसता आव आणणं, म्हणजे फजल. हे मी करायचे, तो आला की तीच ती काच पुसत. आणि ज्याचा ज्या विषयाशी संबंध नाही त्यावर ठासून मत देणारा, तो अल्ट्राक्रेपिडेरियन. हा शब्द आत्याच्या कानावर पडला आणि तिने अर्थ विचारला. मी जीव मुठीत धरून सांगितला. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, म्हणजे हुशार माणूस.

आमची ती भाषाच होऊन गेली. गिऱ्हाइकांसमोर, आत्यासमोर आम्ही ते शब्द टाकायचो आणि एकमेकांकडे न बघता हसायचो. घरी गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून ते पुटपुटायचे. जिभेवर गोल फिरणारे, दातांना अडणारे, कशाचेच नसलेले आणि म्हणून फक्त आमचे.

एकदा थंडीत सकाळी दुकानाच्या पायरीवर ऊन आलं होतं. मी शटर उघडून पाठ शेकत उभी होते. तो ऑफिसला जाता जाता थांबला, माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाला, "अप्रिसिटी." थंडीतल्या उन्हाची ऊब. इंग्रजांनी कधीतरी हा शब्द केला, एखाददोन वेळा वापरला आणि विसरून गेले. त्या दिवसापासून त्याने मला तेच नाव ठेवलं. माझ्या खऱ्या नावाच्या सुरुवातीलाच प आहे ना. एकदा मी गमतीत म्हटलं, माझ्या नावाला वळसा घालून किती दिवस जाणार? तो हसला नाही.

"नावाला दुसरा शब्द नसतो," एवढंच म्हणाला.

मी अप्रिसिटीवर खूश होते. कोण नसेल? पण रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, माझं नाव त्याच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावं. साधं, घरात सगळे हाक मारतात तेच. त्याच्या आवाजात ते कसं लागेल, याचा मी फार विचार करायचे.

मीही त्याला एक शब्द दिला, माझ्या धंद्यातला. डोळे मीट म्हटलं, आता पापण्यांवरून बोटं हलकेच दाब. काय दिसतं? रंग, तो म्हणाला, सोनेरी, जांभळे, विखुरणारे... त्याला म्हणतात फॉस्फीन. हे रंग फक्त आपल्यालाच दिसतात असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. तो डोळे मिटून बघत बसला आणि तेवढा वेळ मी त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं. भुवयांच्या मधली घडी, हनुवटीवरचा व्रण, ओठांची ती सदा सावध ठेवण. तेव्हाच मला नीट कळलं की माझं आता काही खरं नाही.

मग एका संध्याकाळी तो काहीच दुखणं न घेता आला. दुसऱ्या शहरात, मोठ्या कंपनीत त्याला काम मिळालं होतं. केव्हा जायचं, मी विचारलं.

"ओव्हरमॉरो."

मी सवयीने हसले. तेरवा, नरवा असले शब्द आपण अजून बाळगून आहोत, आणि इंग्रजांनी मात्र त्यांचा परवा हरवून टाकला, असं काहीतरी बोलतही सुटले. मग माझ्या लक्षात आलं की तो परवा जाणार आहे. हातातली काच मी कितीतरी वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेला तो आला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, त्याच्या केसांवर बारीक थेंब होते. आत्या वर घरात गेली होती. शटर अर्धं खाली ओढलेलं. तो काउंटरच्या पलीकडे उभा राहिला, दोन्ही हात काचेवर टेकवून, अगदी समोरासमोर.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आणि हे मी दुसऱ्या शब्दात सांगणार नाही."

शब्दकोश कोळून प्यालेला माणूस. आवडतेस म्हणू शकला असता, जीव जडलाय म्हणू शकला असता, इंग्रजीत तर पन्नास वाटा होत्या. त्याने एकही घेतली नाही.

"माझं तुझ्यावर प्... प्..."

आणि अडला. असा मी त्याला कधी बघितला नव्हता, कारण तो नेहमी त्या आधीच वळायचा. डोळे मिटले गेले, गळ्याची शीर ताठ झाली, ओठ त्या एका अक्षरावर दाबून बसले आणि सुटेनात. बाहेर पाऊस वाजत होता. मला बघवेना. खरंच सांगते, मला बघवेना, आणि वर आनंद मनात मावेना, आणि जित्याची खोड...

"प्रेम आहे," मी म्हटलं. "माझंही आहे रे. केव्हापासून."

म्हटलं आणि मी हसत त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे उघडले. त्याचा चेहरा बघून माझं हसू तिथेच विरलं. त्याने हात काचेवरून काढून घेतले.

"ते मला म्हणायचं होतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, पण मला कळलं ना.

"तुला कळलं. मी म्हटलं कुठे?" तो रागावला नव्हता, तो दमला होता. "माझी सगळी वाक्यं आजवर लोकांनीच संपवलीत. हे एक मला माझ्या तोंडाने हवं होतं."

मी सॉरी म्हटलं. तो ठीक आहे म्हणाला, माझ्या डोक्यावर हलकेच हात ठेवला, आणि शटरखालून वाकून पावसात निघून गेला. परवाचा दिवस आला आणि तो गेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मला त्याची आठवण यायची. साधी, सरळ, उठता बसता यायची. दार वाजलं की मान वर व्हायची. कुणाच्या चौकटीचा स्क्रू ढिला निघाला तरी डोळे भरून यायचे, गिऱ्हाईक बिचारं गोंधळून जायचं. मोबाइलवर त्याचे मेसेज यायचे. नवी खोली, नवं ऑफिस, खिडकीत झाड आहे, सिथुरिझमची सोय झाली. लिहिताना तो झऱ्यासारखा वाहायचा. पण त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, रागावलास का? त्याचं उत्तर आलं की नाही, फक्त म्हणायचं राहिलंय. मग लिही ना, मी म्हटलं. त्यावर त्याने लिहिलं, लिहायला काय, लोकांची प्रेमं दोन ओळींत बसवणं हा माझा धंदाच आहे.

मग फोन कर, मी लिहिलं आणि लगेच वाटलं, नको होतं लिहायला. फोन त्याचा सगळ्यांत मोठा शत्रू. तिथे चेहरा नाही, हात नाहीत, आणि तो अडला की पलीकडच्याला वाटतं लाइन तुटली. लोक ठेवून देतात. त्याने एवढंच लिहिलं, बघतो.

एकदा मी त्याला विचारलं होतं की हे जे मला होतंय, आत सारखं काहीतरी ओढल्यासारखं, कशात लक्ष नाही, कशाची तक्रारही नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात? दोन दिवस त्याने शोधलं. मग कळवलं की हुरहुरीला हुरहुरच म्हणावं लागेल, तिकडे काही सापडत नाही. तुलाही होते का, हे मी विचारलं नाही. ते त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, असं मी स्वतःला बजावलं.

आणि मी थांबायला शिकू लागले. गिऱ्हाइकांवरच शिकले. एक आजी आल्या आणि "मला जरा..." म्हणाल्या. मी हाताची घडी घालून गप्प. त्यांनी दम खाल्ला, पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं, आणि निष्पन्न असं झालं की त्यांना चष्मा नकोच होता, पोस्टाचा रस्ता विचारायचा होता. आत्या असती तर त्यांना एव्हाना चौकट लागली असती. तक्ता वाचताना कोणी अडलं तरी मी थांबायचे. आत्याने एकदा विचारलंच, तोंडात मिठाची गुळणी धरली आहेस की काय? थांबणं फार कठीण असतं हो. समोरचा माणूस अडलेला असताना आपल्या जिभेवर उत्तर तयार असतं आणि ते गिळायचं असतं.

मग एके दिवशी दुपारी, एका निवृत्त आजोबांच्या नाकावर मी तपासणीची चौकट चढवली होती आणि उजव्या डोळ्याचं भिंग शोधत होते, तेव्हा टेबलावरचा मोबाइल थरथरला. त्याचं नाव. मेसेज नव्हता. फोन होता.

मी उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे श्वास ऐकू आला, मागे रस्त्याची वर्दळ. बाकी काही नाही.

"प्..."

आणि शांतता. माझं नाव. तो माझ्या नावापाशी उभा होता. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, नावच काय, पुढचं अख्खं वाक्य तयार होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. मी खालचा ओठ दातांत धरला. आत्याने पडद्यातून डोकं आत घातलं. कोण आहे, आवाज येत नसेल तर ठेव ना, लाइन गेली असेल. मी हाताने तिला गप्प राहायला सांगितलं. खुर्चीतले आजोबा एका डोळ्यावर झाकण असलेल्या त्या चौकटीतून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, कोणी बोलत नाही का?

"बोलतोय," मी म्हटलं. "त्याला वेळ लागतो."

आजोबांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून तेही थांबले. आत्याही पडदा धरून उभी राहिली. आमच्या दुकानात एवढा वेळ कोणीच बोललेलं नाही, असं त्याआधी कधी झालं नसेल.

मग माझं नाव आलं. तुकड्यातुकड्यांनी, पहिलं अक्षर तीनदा घासून, पण अख्खं आलं. मी भिंत धरली. त्यानंतर "माझं तुझ्यावर" सहज आलं, ते नेहमीच सहज यायचं, आणि मग पुन्हा तो घाट. मला त्याचा चेहरा दिसत होता, मिटलेले डोळे, गळ्याची शीर. मी ओठांवर हात दाबून धरला. मदत करू नकोस, मी स्वतःला म्हणत होते, तुझी शपथ, आज मदत करू नकोस. रस्त्यावरून एक गाडी गेली. त्याने श्वास सोडला, नवा घेतला, पुन्हा त्याच अक्षराला भिडला.

"...प्रेम आहे," तो म्हणाला.

वाकडंतिकडं, धापा टाकत, त्याचं स्वतःचं. कोणी पुरवलेलं नाही, कशाच्या बदल्यात घेतलेलं नाही. पलीकडे तो हसला की रडला ते कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

आता माझी पाळी होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. दिवसभर चालणारी माझी जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साधं "माझंही" म्हणायचं होतं. एकदा म्हटलेलंच होतं की ते. मी पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास आला. आत्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, ओठ हलवून मला शब्द सुचवत होती.

पलीकडून हॅलो आलं नाही. ऐकतेस ना, असंही आलं नाही. मला काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तरी तो काही बोलला नाही. तो थांबला.